विमान परत येताना

रविवार, संध्याकाळ

बाबांचं विमान आज मी पाडलं. त्यांनी स्वतः फोम कापून केलेलं, शेवटचं.

मोहन्याच्या मैदानात वारा नव्हता, बॅटरी फुल होती. लांब जाताना मस्त गेलं. चुकले मी ते परत येताना. रिमोट हातात असताना विमान समोरून आलं की डावं-उजवं उलटं होतं, नवशिके तिथेच पाडतात. म्हणून बाबा माझे खांदे धरून मला वळवायचे. "त्याच्याकडे पाठ कर आणि मान वळवून बघ. मग तुझं डावं तेच त्याचं डावं." दर रविवारी हेच. किती चिडायचे मी!

आज खांद्यांवर हात नव्हते. बाबांचे मित्र कांबळेकाका मागून ओरडत होते, "अगं, वळ! पाठ कर!" मी तशीच उभी. विमान उजवीकडे झुकलं, मी स्टिक डावीकडे दाबली, ते आणखी झुकलं आणि सरळ जमिनीत घुसलं.

"मोटर शाबूत आहे, पंख नवे करू," काका म्हणाले. करू. पण ते बाबांनी कापलेले नसतील ना.

रिक्षात त्यांनी हळूच विचारलं, "विसरलीस का गं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. कशी विसरेन? खांद्यांना अजून आठवतंय.

पण बाबा गेल्यापासून त्यांचं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याकडे परत येत होतं. त्याच्याकडे पाठ कशी करणार होते मी?