कडेफुलीचे कलम मेहकरहून समुद्रकड्यावर नेऊ देण्याबाबत

प्रति,
मे. डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड.

अर्जदार : इंद्रभान कडूबा, जात माळी, वय ६१, राहणार डोणगाव, तालुका मेहकर.

विषय : मेहकर येथील सरकारी बंगल्याच्या आवारातील झुडपाचे एक कलम बाहेर नेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पहिला परत आला, दुसऱ्याचे उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार जंगल खात्याच्या एका साहेबांकडे माळी होता. त्यांची बदली कोकणात वेळसर बंदरी झाली तेव्हा अर्जदार व त्याची बायको रुखमाबाई चार वर्षे तिकडे होते. तिथे समुद्रावरच्या कड्याला कमरेइतकी पाच झुडपे होती. फूल पांढरे, आत पिवळे. कोळी लोक त्यास कडेफुली म्हणत. हे झुडूप या एका कड्याशिवाय कोठे आढळलेले नाही, असे साहेब सांगत.

२. रुखमाबाईस तिकडची बोली कळत नसे व तिची वऱ्हाडी ऐकून बाया हसत. म्हणून ती दुपारी कड्यावर जाऊन बसे. एकदा मला म्हणाली, "इतलं पानी समोर, अन् प्याले थेंब नाही. कसं जगते हो हे?" परत येताना तिने बी आणून रुजवले. साहेबांच्या हुकुमाने ते रोप मेहकरच्या बंगल्यामागे लावले. आम्हांस मूलबाळ नाही. नोकरी सुटल्यावरही ती डोणगावहून दर आठ दिवसांनी त्यास पाहण्यास जात असे.

३. झुडूप दरसाल फुलते, परंतु बी धरत नाही. दुसऱ्या झुडपाचा पराग लागतो, असे साहेबांनी सांगितले होते. तीन वर्षांपूर्वी रुखमाबाई वारली. तेव्हापासून मीच जातो.

४. गेल्या दिवाळीत वेळसरचे खलाशी भिकाजी पालव यांचे कार्ड आले. कडा ढासळून चार झुडपे समुद्रात गेली. एक उरले आहे. फुलते, पण त्यासही आता बी नाही. ते कार्ड मी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतले, मला वाचता येत असूनही.

५. म्हणून एक फांदी मातीत दाबून कलम केले. त्यास मुळे फुटली आहेत. चौकीदार भगवानराव भला माणूस आहे, पण म्हणतो, "झाड सरकारी हाय, बाबा. मले हुकूम दाखव." अर्ज केला, तो "झाडाचा उपयोग" हा रकाना कोरा म्हणून परत आला. कारकून म्हणाले, "सावलीसाठी, असं लिहा." कमरेइतक्या झुडपाखाली कोंबडीदेखील बसत नाही. खोटे लिहवेना. दुसऱ्या अर्जात "उपयोग माहीत नाही" असे खरे लिहिले. त्याचे पुढे काय झाले, कळले नाही.

६. माझा पुतण्या किसनराव विचारतो, "काका, एका झुडपासाठी इतल्या दूर काऊन जाऊन राह्यले?"  त्याचे कारण आपणांस लिहितो. गेल्या भादव्यात घरी बोलायला कोणी नसल्याने सात दिवस माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. आठव्या दिवशी परसात शिरलेली गाय हाकलली, तर स्वतःच्याच आवाजाने दचकलो. असे कोणाचेही होऊ नये, झाडाचेदेखील.

७. तरी नम्र विनंती की, मृग लागण्यापूर्वी कलम तोडून नेण्याचा हुकूम व्हावा. मूळ झाड सरकारचे सरकारकडेच राहील, भगवानराव पाणी घालण्यास कबूल आहे. मलकापुराहून आगगाडीने व पुढे बोटीने मी कलम मांडीवर घेऊन जाईन. तसेच तिकडील मामलेदार साहेबांस एक ओळ लिहावी की, हा म्हातारा कड्यावर झोपडी बांधून दोन वर्षे राहील, त्यास कोणी उठवू नये. कलमास वारा सोसेपर्यंत जवळ माणूस लागतो.

८. हुकूम कृपा करून मेहकरच्या बंगल्यावर भगवानरावांकडे पाठवावा. डोणगावच्या पत्त्यावर पाठवू नये. घर किसनरावास दिले, चूल मोडली. आता मी बंगल्याच्या ओसरीवर असतो.

हुकुमाची वाट पाहणारा, आपला नम्र,
इंद्रभान कडूबा
(सही स्वतःच्या हाताची)

मुक्काम मेहकर, ता. ११ मे १९३५

सोबत : भिकाजी पालव यांचे कार्ड. वाचून झाल्यावर परत मिळावे.