शेवटी टाकलेला ९

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाल्कनीतला नळ अजून गळतोच आहे.

पत्रास कारण की, संपादकांनी लेख मागितलाय. इंटरनेटवरची सांकेतिक भाषा कुठून आली आणि कशी बदलत गेली. शुक्रवारी द्यायचाय. अर्धा झाला. मेसेजात मोजकीच अक्षरं मावायची, म्हणून लोकांनी शब्दांची मुंडकी उडवली. मग मुलांनी मोठ्यांपासून लपवायला खुणा काढल्या. आता यंत्राने मजकूर काढून टाकू नये म्हणून मोठी माणसंच शब्दांच्या पोटात चांदण्या भरतात.

मधला भाग अडलाय. तिथे आपला ९ येतो.

चॅटरूमवर कुणाकडून तरी तूच तो उचलून आणलास. मागे बाबा उभे असले की वाक्याच्या शेवटी ९. म्हणजे आधीचं सगळं खोटं समजायचं. मी हॉस्टेलवरून विचारायची, "अभ्यास चाललाय का?" तू लिहायचीस, "हो ताई, खूप ९." मी एकटीच हसत बसायची.

तुझ्या लग्नानंतर बाबांनी तुझं नाव टाकलं. आजारपणातही, "तिला कळवायचं नाही." तुझा मेसेज आला तेव्हा म्हणाले, "लिही, मी बरा आहे, येऊ नकोस. आणि पाठवण्याआधी दाखव." मी लिहिलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं.

"हा नऊ कसला?"

"चुकून पडला, बाबा."

तुलाही तसंच वाटलं.

नंतर वेगळा मेसेज का केला नाहीस, असं तू त्या दिवशी दारात विचारलंस. चिंगे, तुला ९ कळला नसेल अशी मला शंकाच आली नाही. मी तुझी गादी उन्हात टाकली होती. त्यानंतर बाबा होते ते दोन्ही दिवस जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडत होते. तू आलीस तेव्हा त्यांची खोली धुऊन झाली होती.

अशा खुणा कधी मरतात, ते लेखात कसं लिहू? एकीच्या डोक्यातून जातात, दुसरीला कुणी कळवत नाही.

"मला पुन्हा लिहू नकोस," हा तुझा शेवटचा मेसेज. त्याच्या शेवटी मी ९ शोधला. जावईबापू मागे उभे असतील, नवऱ्याच्या धाकाने लिहिलं असेल, असं वाईटसाईट त्या भल्या माणसाबद्दल मनात आणलं. मग न राहवून विचारलं, "९?"

तुझं उत्तर लगेच आलं. म्हणजे तुला आठवत होतं, किंवा तोवर आठवलं होतं.

"नाही. घरी मी एकटीच आहे."

म्हणून आज हाताने लिहितेय, पूर्ण शब्दांत. तुझी गादी मी अजून गुंडाळलेली नाही. लेखात आपला ९ घालणार नाही.

माझ्या मागे आता कुणी उभं नाही. यातलं सगळं खरं समज.

तुझी,
ताई