कपाळफोडीचं फळ

भिंगार, ता. ३ सप्टें. १९४४
दिवसभर दवाखान्यासाठी काचनळ्या फुंकल्या. कंटाळवाणं काम. कुंपणावर कपाळफोडीच्या वेलाला फळं धरलीत. कागदासारखी पातळ, आत हवा, कप्पे तीन. देवानंही फुंकूनच केलं असणार. काचेत करायचंच. शाळेतले कुलकर्णी मास्तरही मागे लागलेत. खरं फळ पोरं वर्गात चुरगळतात म्हणे.

ता. ९
तीन केली, तिन्ही वाया. काच पातळ व्हायच्या आत माझा दम संपतो, फुगा एका अंगाला बसतो. वीस वर्षं फुंकतोय, असं कधी झालं नव्हतं.

ता. १४
डॉक्टरांनी छाती तपासली. फुंकणं बंद करा, नाहीतर हिवाळा जड जाईल म्हणाले. मी मान डोलावली. घरी येऊन परत काच तापवायच्या दिव्यापुढे. सौ.ला सांगितलं नाही.

ता. १५
सौ.ला खोकल्यावरून कळलंच. माहेर काष्टीचं, तिकडची माणसं सरळ बोलतात. "नळी माज्याकडं द्या. चुलीला जलमभर फुकतीच हाय की." हसू आलं. मग दिली. रबरी नळीचं टोक तिच्या तोंडात, काच माझ्या हातात, ज्योतीवर फिरती. तिनं जोरात फुंकलं, फुगा फाटला. म्हटलं, चूल पेटवायची नाही. दुधावरची साय सरकवतेस ना, तेवढंच.

ता. २१
काल जमलं. तिचा श्वास लांब, एकसारखा. मी 'बास' म्हणायच्या आधीच थांबते. चिमट्यानं तीन कडा काढल्या, फळ हळूहळू निवायला गरम राखेत पुरलं. आज सकाळी काढलं. तडा नाही. इतकं पातळ मला उमेदीतही जमलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. हेवा वाटला. कुणाला सांगणार, इथेच लिहितो.

ता. २४
मास्तर फळ घेऊन गेले. आधी उजेडात धरून बराच वेळ बघत होते. तुमचा दम अजून तसाच आहे म्हणाले. सौ. चहा घेऊन तिथेच उभी. मी गप्प बसलो. लाज वाटली, पण गप्पच. नंतर ती दिवसभर कामापुरतं बोलली.

ता. २५
भांडी आटोपून सौ. आत आली. दिवा पेटवला, त्याच्या भात्यावर पाय ठेवून बघितला. "आज काच बी मीच फिरवते. तुमी निस्तं सांगा."
दिव्यापुढे स्टूल एकच. मी त्यावर बसून हे लिहितोय. ती उभी आहे.