कार्टून मागितलं होतं

६ ऑगस्ट २०१८
कार्टून मागितलं होतं मी! घाटंजीच्या बाजारात, जमीरच्या मोबाइल दुकानात यांच्या फोनचं मेमरी कार्ड दिलं. म्हटलं, पोरीसाठी काहीतरी हसरं भरून दे. हे शेतात औषध फवारताना विष चढून गेले त्याला वर्ष होत आलं. दीपा तेव्हापासून हसली नाही, रडलीही नाही. बापाचं नाव काढत नाही.

घरी येऊन लावलं, तर पहिल्याच भागात माणसं श्वासासाठी तडफडताहेत! सगळं गाव जमिनीच्या पोटात. वरची हवा विषारी, म्हणून खाली हवा नळकांड्यात विकत मिळते. एकाची संपली. भिंतीला टेकून त्यानं तोंड उघडलं — दवाखान्यात यांनी उघडलं होतं तसंच! मी फोन हिसकावला.

"आई, बंद नको करू."

किती महिन्यांनी पोरीनं काही मागितलं. दिला परत.

७ ऑगस्ट
जाऊबाई डोकावून गेल्या. "हे कार्टून होय? ना मांजर, ना उंदीर! पोट्टी पागल होईल वं माय!"

१० ऑगस्ट
जमीरला जाब विचारला. तो डोकं खाजवतो! "भाभी, फोटोत पोट्टी दिसली, मले वाटलं लेकराईचंच असन. आता माही पोट्टी कहकशां बी पाह्यते. रडते अन् पुन्हा लावते. दुसरं भरून देऊ? त्यात हत्ती नाचते."

दीपा म्हणाली, हत्ती नको.

१४ ऑगस्ट
दीपाला सांगते, तण निंदायला जाते. खोटं. निंदणाचं काम रोज कुठे मिळतं? रूपसिंगच्या शेतात फवारणीचं औषध पाण्यात कालवते, पंप भरून देते. कपाशीची पऱ्हाटी यंदाही डोक्याएवढी, फवारा तोंडावर येतो. तोंडाला पदर बांधते — तेवढंच. दीपाला कळलं तर काय होईल, हा विचार आला की हातातली ढवळायची काडी थांबते.

१९ ऑगस्ट
आता मीही तिच्याजवळ बसते. चहा गार होतो.

त्यातल्या पोरीला नाव नाही, नुसता नंबर. एका म्हाताऱ्यानं तिचं नळकांडं चोरलं होतं. आज तोच म्हातारा गुदमरत पडला. मी म्हटलं, मर मेल्या! अन् त्या पोरीनं स्वतःची नळी काढून त्याच्या तोंडाला लावली. एक श्वास त्याला, एक तिला.

हे दीक्षाभूमीवरून दरवर्षी पुस्तकं आणायचे. त्यांतच बोट ठेवून ठेवून मी वाचायला शिकले. करुणा हा शब्द कितीदा वाचला असेल. दिसली ती इथं. रंगवलेल्या चित्रात, अन् तेही इतक्या काळोख्या!

दीपा हळूच म्हणाली, "बाबानं बी देली असती." बाबा म्हणाली! मी चुलीकडे तोंड करून बसले.

२३ ऑगस्ट
त्या पोरीची आई मेली. पोरीसाठी हवा कमवायला लपून वर जायची. परत आली नाही. मला बघवेना, उठून अंगणात गेले.

पुढच्या भागात पोरगी एकटी. स्वतः रांधते, दाराला कडी लावते, शाळेत जाते. भिंतीपलीकडच्या बाईशी भांडून हक्काची हवा घेते. भाग संपला की दीपा परत तोच लावते. मान पुढे करून बघते, परीक्षेचा अभ्यास असावा तशी.

"कायले पाह्यतं तेच ते?"

"असंच."

मला बरं वाटलं. बापाचं दुःख वाट काढतंय म्हणायचं. जमीरला उगाच बोलले.

२५ ऑगस्ट
आज दिवसभर पंप भरले. डोळे चुरचुरताहेत. लिहवत नाही.

२७ ऑगस्ट
कामावर गेले नाही. आता जाणारही नाही. रूपसिंगला निरोप पाठवला.

सकाळी निघाले तर दीपा उंबऱ्यात आडवी बसलेली. "तू निंदाले जात नाई. तुह्या लुगड्याले बाबाच्या शर्टासारखा वास येते. मले पयल्या दिवशीच समजलं."

मी तिथंच खाली बसले.

"म्हनून पाहून ठेवून राह्यली होती मी," ती म्हणाली. "तू बी गेल्यावर एकटीनं कसं राहाचं ते."