उणे एक भागिले एक्स

औरंगाबाद, पुंडलिकनगर
९ ऑगस्ट १९९३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे आहेत. वहिनींचा खोकला थांबला. तू पुण्याला गेला आहेस, तिथल्या छापखान्यात आपल्या दोघांच्या गणिताच्या पुस्तकाची नवी आवृत्ती चढायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते आहे. राग गिळून लिहायला बसले होते, जमत नाही.

गुरुवारी तू द्वारकाला क्लासमधून काढलंस. गुन्हा काय तिचा? उणे एक भागिले एक्स हे फलन सगळीकडे वाढतं, कारण त्याचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे धन आहे, असं तू फळ्यावर लिहिलंस. ती उठून म्हणाली, "सर, एक्स उणे एक असताना किंमत एक येते, अन् एक्स एक झाला की उणे एक. मग वाढलं कुठं?"

बरोबरच विचारलं तिनं. शून्यापाशी आलेख तुटतो. अलीकडे वाढतो, पलीकडेही वाढतो, पण शून्य ओलांडताना किंमत खाली येते. हे मला तूच शिकवलंस. आणि भरल्या वर्गात तू तिला म्हणालास, "सोयगावला जाऊन आधी पाढे पाठ कर."

काल तिचे काका बन्सी सोयगावहून तिला न्यायला आले होते. "मास्तरनं उगंच काढलं नसंल, ताई. पोरीनंच कायतरी केलं असंल. लई झालं शिक्षण." द्वारका खाली मान घालून उभी होती. चूक मास्तरची आहे असं मी म्हणाले, तर त्यांना पटेना. शनिवारपर्यंत थांबायला कसेबसे तयार झाले.

तू चुकलास म्हणून मी चिडलेली नाही. चुकतं माणूस. मघापासून लिहायचं टाळते आहे ते वेगळंच आहे. त्याच दिवशी जेवताना तू मला म्हणालास, "पोरगी बरोबर आहे गं. पण पुस्तकात तसंच छापलंय. वर्गात कबूल केलं तर उद्या कोण विचारेल आपल्याला?" आणि आमटी वाढून घेतलीस. तुला माहीत होतं, दादा. माहीत असून तू तिला हाकललंस. मला तुझी किळस आली.

आज तुझ्या जागी शिकवायला मी उभी राहिले. द्वारकाला बोलावलं आणि तो आलेख तिलाच काढायला लावला. सगळ्या पोरांना कळला.

शनिवारच्या आत ये. वर्गासमोर, बन्सीकाकांसमोर कबूल कर. माझं त्यांनी ऐकलं नाही, तुझं ऐकतील. नाही आलास तर ती पोर गावी जाईल आणि पुन्हा पुस्तक उघडणार नाही. पुस्तकातलं ते उदाहरण दुरुस्त कर, नाहीतर त्यावरचं माझं नाव काढ.

दर पत्राखाली मी 'तुझी विद्यार्थिनी' लिहिते. आज लिहवत नाही.

नुसतीच तुझी बहीण,
पद्मजा