खांद्याच्या मापाची बंदूक

बाबा, तुमची ती हलकी बंदूक मी अजून खांद्यावर वागवते आहे. ती किती हलकी आहे हे लोकांना सांगून सांगून तोंड दुखलं, पण मी किती दमले हे ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. मिरचीचं बी आणायला संग्रामपूरला गेले होते, तिथूनच हा कागद घेतला. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की गावातल्या निम्म्या लोकांना तुम्ही फक्त माझ्या नावापुढे माहीत आहात.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या सुमारास मी सासरहून कायमची परत आले. तुम्ही बैलगाडीतून माझी पेटी उतरवली आणि वावरात निघून गेलात. दोन दिवसांनी ओसरीवर आपली जुनी ठासणीची बंदूक माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "उचलून पाह्य." मी उचलली, आणि नळीचं तोंड जमिनीकडे गेलं. तुम्ही हसला नाहीत. "हे तुह्या कामाची नाही. जड बंदूक माणूस खुंटीले टांगून ठेवते, अन् डुक्कर नेमकं त्याच दिवशी येते." त्या संध्याकाळपासून तुमच्या डोक्यात नवी बंदूक शिरली. एकच, पण सगळ्या कामाची: दिवसभर सातपुड्याच्या उतारावर फिरलं तरी खांदा भरून न येणारी, झुडपात न अडकणारी, वावरातल्या माळ्यावर बसल्या बसल्या वळवता येणारी.

मग तुम्ही ती आधी सागाच्या फळीची केलीत. नळीच्या जागी दांडा, आणि वजनासाठी पोटात नांगराचा मोडका फाळ बांधलेला. ती लाकडी बंदूक घेऊन मी हिवाळाभर हिंडले. वांगी तोडायला, गुरांमागे, पाण्याला. विहिरीवर बाया विचारायच्या, "काऊन वं, पलटणीत भरती झाली का?" मला रडू यायचं आणि हसूही यायचं. संध्याकाळी तुम्ही चुलीजवळ बसून विचारायचात, "आज कुठं लागलं?" मी गालाचं हाड दाखवायची, कधी मनगट. जिथे लागलं तिथे तुमची कानस चालायची. भुसा माय थापत असलेल्या भाकरीच्या पिठात उडायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "जावयाचं माप असं नीट घेतलं असतं तं बंदुकीचं घ्या लागलं नसतं." तुम्ही कानस खाली ठेवली. नंतर मायनेच तुमच्या ताटात तूप जास्त वाढलं.

खामगावचा तो बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री मला अजून दिसतो. तुम्ही कोण्या म्हाताऱ्या शिकाऱ्याची तीनशे पंधरा बोअरची जुनी रायफल मिळवली होती, परवान्यावर सगळं रीतसर चढवून. तुमच्या पिशवीतून निघालेली लाकडी बंदूक बघून मिस्त्री म्हणाला, "ये तो खिलौना है, साहब." तुम्ही म्हणालात, "याच्यासारखा खांद्याला टेकायचा दस्ता करून द्या. इथून एवढं लाकूड काढा. नळी कायद्यात बसते तितकी आखूड करा. अन् नेम धरायच्या मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची चकती बसवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाह्यता आलं पाहिजे." "किसके लिए?" "पोरीसाठी." तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई के लिए?" तेव्हा तुम्ही चिडलात. "काऊन, बाईच्या वावरात डुक्कर येत नाही का?" परतीच्या गाडीत मी तुमच्याकडे बघायला धजत नव्हते, इतकं मला बरं वाटत होतं. मला तोवर वाटत होतं, तुम्ही हे सगळं स्वतःच्या हौसेसाठीच करता आहात.

एवढं सगळं बघून केलंत आणि चुकलात मात्र एका जागी. मापं घेतलीत भर थंडीत, माझ्या अंगात तुमचा तो जाड कोट असताना. बंदूक आली तेव्हा उन्हाळी भुईमूग शेंगांवर होता. पातळ चोळीवर दस्ता आखूड पडला, बार काढताच नाकावर अंगठा आपटून रक्त आलं. तुम्ही डोक्याला हात लावलात. मिस्त्रीकडे पुन्हा जायचं ठरलं, पण पावसाळ्याआधीच तुम्ही गेलात. तेव्हापासून मी वैशाखातही तुमचा कोट घालून रात्रीची जागल करते. घामाने भिजते. लोकांना वाटतं, बापाची आठवण म्हणून घालते. तसं नाही, बाबा. कोटाशिवाय ती खांद्याला बसत नाही.

आणि आता तर कायदाच असा आहे की परवानगीशिवाय डुक्कर मारायचं नाही. मी हवेत बार काढते. ती चकती, ते दोन्ही उघडे डोळे, एवढी सगळी तयारी, आणि आभाळाला काय नेम धरायचा? कधीकधी मला तुमचा राग येतो. खरंच येतो. तुम्ही बंदुकीतलं एकेक छटाक वजन काढलंत, पण मला कोणी बदली लागेल, कधी आजारी पडेन, पन्नाशीची होईन, हे काही तुमच्या हिशेबात आलं नाही. कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून केलंत, मला कळतं. मी पसरलाही नाही. काकांचा मोठा मुलगा दरवर्षी येऊन म्हणतो, "बाई, वावर बटईनं दे मले, अर्धं पीक तुले देतो, तू आराम कर." दरवर्षी मी त्याला चहा पाजते आणि नाही म्हणते. तो गेला की वाटतं, मी नाही म्हटलं की तुम्ही?

हे पत्र धाडायचं नाही, तेव्हा कोणी वाचेल म्हणून काही झाकायचंही कारण नाही. परवा विहिरीकडच्या भुईमुगाच्या तुकड्यात डुकरं आली. माळ्यावर पडल्या पडल्या मला आवाज आला. शेंगा फोडल्याचा तो आवाज मी कुठेही ओळखेन. मी उठले नाही. कूस बदलली. सकाळी जाऊन पाहिलं तर सगळा तुकडा उकरलेला, वेल उलटे पडलेले. मी बांधावर उभी राहून वाईट वाटायची वाट बघत राहिले. वाईट वाटलं नाही, बाबा. कितीतरी वर्षांनी मला झोप लागली होती.