झाकणावरचं पाचवं भोक

माणिकपूर, वसई
१४ जानेवारी २०२६

प्रिय मर्विन,

जय येशू. आम्ही इकडे ठीक. तुझ्या क्लारा वहिनीचे गुडघे थंडीत दुखतात, त्यामुळे कालवणात मीठ कमी पडलं तरी बोलायची सोय नाही. वाडीतली केळी यंदा बरी आहेत. तुझं एव्हरशाईनचं घर इथून रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि मी पत्र लिहितोय. हसशील. पण समोर उभं राहून मला हे बोलता येणार नाही.

एलिसाचा फोन आला होता. तुला न विचारता केला, म्हणून तिला रागावू नकोस. एकतीस तारखेला लग्नासाठी चर्चमध्ये जायला तिला पपांची फियाट हवी आहे. तुझ्या पोरीला नाही म्हणवलं नाही. एकोणीस वर्षं ताडपत्रीखाली असलेली गाडी बाहेर काढली, तर खाली तेल ठिबकत होतं. मागच्या ॲक्सलच्या मधोमध पत्र्याचं गोल झाकण असतं ना, ते गंजून त्याला बारीक भोकं पडलेली.

जॅक्सन मेकॅनिकने झाकण उतरवलं, गंज घासला, चार भोकांवर पत्र्याचे तुकडे वेल्ड केले. सगळ्यात वर पाचवं भोक होतं, जुन्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवलेलं. लांबी खरवडून तो म्हणाला, “हे गंजाचं नाय. कंपनीनेच ठेवलंय. ॲक्सल तापला की हवा इथून भायेर जाते. बुजवलं तर तेल दाबाने ब्रेकात घुसतं. कोन शाना होता हा?”

मी म्हणालो, माहीत नाही.

लांबीवर अंगठ्याचा ठसा होता. माझा. एकोणीस वर्षांपूर्वी कामणच्या त्या लग्नाआधी आठ दिवस मीच घरी ते भोक गंजाचं समजून बुजवलं होतं आणि गॅरेजवाल्याची गरजच नाही म्हणून मिरवलो होतो. परतताना उतारावर तू गाडी भिंतीवर घातलीस, पपांचा पाय कायमचा गेला. ब्रेक लागलाच नाही, असं तू सांगत राहिलास. सगळे म्हणाले, लग्नातली वाईन बोलतेय. पपा मरेपर्यंत तेच धरून बसले. त्यांच्या मयताला तू कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभा होतास, आणि मी तुला आत बोलावलं नाही.

इथेच थांबणार होतो. चुकून झालं म्हणून सुटलो असतो. पण त्या दिवशी धडकेनंतर मागच्या चाकावर आलेलं तेल मी पाहिलं होतं. कसं आलं ते कळलं नाही, पण माझ्याच हातचं काहीतरी आहे हे कळलं. घाबरलो. तुम्ही पपांना हॉस्पिटलात नेल्यावर मी ते पुसलं आणि फडकं चुलीत घातलं.

पाचवं भोक आता मोकळं आहे. त्याच उतारावर मी सहा वेळा ब्रेक मारून पाहिला, सहाही वेळा लागला. क्लाराला काल सांगितलं, ती जेवली नाही. रविवारी मिस्सानंतर सगळ्या नातेवाइकांना सांगणार आहे, माझ्या तोंडाने. त्यानंतर लग्नाला येऊ नको म्हणालास तर किल्ली जॅक्सन आणून देईल. एलिसाला चर्चला नेताना गाडी मात्र तूच चालव.

ज्याच्यामुळे तुझा ब्रेक लागला नाही, तो तुझा मोठा भाऊ,
ॲन्सेल्म